एर्मिंदाबाई आणि जोराचं पाणी

एर्मिंदा नावेलकिन या बाईंना बावीस वर्षांत कारखान्यात कुणी काही विचारलं नव्हतं. सांगितलं पुष्कळ होतं. आज साबण कमी वापरा, उद्या पाहुणे येणार आहेत तेव्हा भिंतीसुद्धा धुवा, वगैरे. म्हणून त्या मार्चमध्ये मॅनेजर गास्तोनसाहेबांनी ऑफिसात बोलावून, ‘सफाईसाठी नवीन मशीन घ्यायचंय, कुठलं ते तुम्हीच ठरवा,’ असं म्हटलं, तेव्हा त्या जरा गडबडल्या. साहेबांनी खुर्ची पुढे केली होती, पण ती कापडाची होती आणि बाईंचा रबरी एप्रन ओला होता. त्या उभ्याच राहिल्या. बाहेर येऊन मला म्हणाल्या, ‘‘ग्लेंदा, मला विचारलं गं त्यांनी.’’

ग्लेंदा म्हणजे मी. कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. प्रयोगशाळा हे नाव मोठं आहे. खोली आहे एका खिडकीची, त्यात जंतू वाढवायचं एक कपाट आणि खोकंभर निर्जंतुक कापसाचे बोळे. सफाई झाली की टेबलांवरून, पट्ट्यांवरून बोळा फिरवायचा, तो ताटलीत घासायचा, ताटली कपाटात ठेवायची आणि दोन-तीन दिवसांनी तिच्यात काय उगवलं ते बघायचं.

आमचा कारखाना चिलीतल्या चिलोए बेटाच्या दक्षिण टोकाला, केयॉन गावाबाहेर, खाडीला लागून आहे. समुद्रात दोरांवर वाढवलेले काळे शिंपले पहाटे होड्यांतून येतात, वाफेवर उघडतात, आतलं मांस सरकत्या पट्ट्यावरून पुढे जातं, बायका त्यातले दाढीसारखे तंतू आणि कवचाचे तुकडे वेचतात, आणि मग ते गोठवून स्पेनला जातं. दुपारी दोनला पट्टे थांबतात. दोन ते सहा कारखाना एर्मिंदाबाईंचा. त्यांच्या हाताखाली नऊ बायका, आणि त्या मुकादम.

बाईंचा नवरा मेंढ्या कातरायला दक्षिणेला मागायानेसला गेला तो तिकडचाच झाला. वर्षाकाठी एक खोकं पाठवतो, पत्र नाही. त्याबद्दल त्या बोलत नसत. बोलत त्या ब्रशांबद्दल. लाकडी दांड्याचा ब्रश दिसला की त्यांचं डोकं फिरायचं, कारण लाकूड पाणी पितं आणि फुगतं. रंगीत दांड्यांचे ब्रश आमच्याकडे आले त्याच्या कितीतरी आधी बाईंनी टेबलाच्या ब्रशाला पांढरी आणि गटाराच्या ब्रशाला तांबडी लोकर बांधली होती, घरी सूत काढून, घरीच रंगवून. एका तपासनिसानं ती पाहून डोक्याला हात लावला, ‘अहो, लोकरीत तर सगळं जग राहतं!’ म्हणाला. बाईंनी लोकर काढली, पण चार दिवस त्याचं नाव काढलं तरी त्या फुरफुरत होत्या. कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत.

आणि इथंच माझी गोष्ट येते, ती आधी सांगून टाकते. आमच्या बेटावर दुसऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात गेलं की ती बसवेल तिथं बसायचं, वाढेल ते खायचं, आणि कोपऱ्यांकडे बघायचं नाही. चुलीमागे काय आहे हे बघणाऱ्या पाहुणीला पुन्हा कुणी बोलावत नाही. मी याच संस्कारात वाढले. म्हणून रोज संध्याकाळी बोळ्यांचं खोकं घेऊन धुतलेल्या हॉलमध्ये गेले की मी आदबीनं विचारायची, ‘‘बाई, कुठून घेऊ?’’ आणि बाई हात करून दाखवायच्या, इथून घे, इथून घे. मी घ्यायची. ताटल्या साफ निघायच्या. कुणाचं काही चुकतंय असं ना त्यांना वाटत होतं ना मला. शिकलेली होते मी, मला तरी वाटायला हवं होतं.

तर मशीन. दोन जण दाखवायला आले. पहिला पुएर्तो मोंतहून आला, गाडीत लाल रंगाचं जोराच्या पाण्याचं मशीन घेऊन. हुशार माणूस. हॉलमध्ये न जाता तो आम्हाला मागच्या उतारावर घेऊन गेला, जिथून होड्या वर ओढतात. तिथं वर्षानुवर्षांचं हिरवं शेवाळ बसलेलं. त्यानं मुकादमबाईंचं नाव विचारलं, नळी हातात घेतली, आणि त्या शेवाळावर पाण्याच्या धारेनं हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं, एर्मिंदा. खालचं पांढरं सिमेंट लखलख करत होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचा चेहरा खुलला, मी पाहिला.

दुसरी कास्त्रोहून आली. क्लारा बार्रिया नाव तिचं, किरकोळ बांध्याची, सर्दी झालेली. तिच्याकडे चाकांवरची एक टाकी होती, ती फेस करायची. तिनं टेबलावर, पट्ट्यावर, खांबांवर फेस पसरला आणि घड्याळात बघत म्हणाली, आता पंधरा मिनिटं थांबायचं. आम्ही थांबलो. माते नावाचा कडू चहा फिरला, एकीनं घरून आणलेले बटाट्याचे मिल्काओ काढले. फेस आपला बसलेला. शेवटी बाई म्हणाल्या, ‘‘हे मशीन आहे की न्हाव्याचं दुकान? दाढीला फेस तर लावलात, वस्तरा कधी येणार?’’

हशा झाला. क्लारा हसली नाही. तिनं फेस ब्रशनं घासला, साध्या नळाच्या पाण्यानं धुतला, आणि नळी गुंडाळताना बोलली, ‘‘जोराच्या पाण्यानं घाण जात नाही बाई, जागा बदलते.’’ तोवर बायका मिल्काओकडे वळल्या होत्या. ऐकलं मी एकटीनं. आणि मूग गिळून गप्प बसले, कारण निवड बाईंची होती आणि मला कुणी विचारलं नव्हतं.

बाईंनी लाल मशीन निवडलं. ते नावासाठी निवडलं असं कुणी म्हणेल तर मी भांडेन. सफाईतल्या औरिस्तेलाचे दोन्ही खांदे गेले होते, दुसऱ्या दोघींची मनगटं रात्री सुजायची. जे काम पाणी करेल ते बाईच्या खांद्यानं का करायचं, हा त्यांचा हिशोब होता आणि तो वाईट नव्हता. शिवाय आमच्याकडे पाणी म्हणजे काय, ते आभाळातून पडतच असतं.

एप्रिलभर हॉल नुसता चकाकत होता. आधी टेबलं, मग पट्टे, मग जमीन, आणि शेवटी बाई स्वतः नळी घेऊन मधल्या गटाराजवळ उभ्या राहायच्या आणि जाळीतून धार आत सोडायच्या. गटाराचा आवाज भरडा असेतो घाण आहे, मोकळा झाला की साफ, असं त्या म्हणत. धुकं उठायचं. नऊ बायका हात बांधून बघत राहायच्या, दिवसाचं काम संपल्याचा तो क्षण होता. मग मी जायची बोळे घेऊन. ‘‘बाई, कुठून घेऊ?’’

मे महिन्यात स्पेनहून कळवलं की आमच्या मालात लिस्टेरिया सापडला. गरोदर बाईच्या पोटातलं मूल जाऊ शकतं असा हा जंतू. बेटावर कुणाला पटेना. आम्ही लोक थंडीवर भरवसा ठेवून जगतो; मांस, मासळी, उरलेलं जेवण, सगळं ओसरीवर टांगलं की झालं, गारठ्यात काय जगणार? हा जगतो. ओल्या गारठ्यात बाकीच्यांची वाढ थांबते आणि याला मोकळं रान मिळतं. हे मी कॉलेजात शिकले होते आणि घरी येऊन ओसरीवरचंच मांस खात होते.

गास्तोनसाहेबांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. माणूस वाईट नाही, पण मालक सांतियागोत आणि हे इथं, असा अडकलेला. जूनअखेरपर्यंत माल स्वच्छ निघाला नाही तर सफाईचं काम बाहेरच्या कंपनीला जाईल आणि ती आपली माणसं घेऊन येईल, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे दहाही बायका घरी. आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, त्यात केयॉनमध्ये पन्नाशीच्या बाईला दुसरं काम कोण देणार? औरिस्तेला खांदा चोळत राहिली.

बाईंनी डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवायला सुरुवात केली. बायकांवर. योलांदा सगळ्यांत लहान, सव्वीस वर्षांची. ती एकदा बूट न बुडवता, औषधी पाण्याच्या हौदाला वळसा घालून आत आली. बाईंनी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं, तुझ्यासारखीमुळे नऊ घरांच्या चुली विझतील म्हणाल्या. पोरीनं मान खाली घातली आणि दिवसभर रडत ब्रश मारला. तिकडे साहेबांनी सफाईवर शंका घेतली की बाई माझ्या ताटल्या पुढे करायच्या. ‘‘बघा की साहेब, ग्लेंदाच्या ताटल्या. काही उगवलंय? तुमच्या गोठवणाऱ्या खोलीत बघा.’’ साहेब गोठवणाऱ्या खोलीत बघायचे. मीही मान हलवायची. मेअखेरचा माल पुन्हा नापास झाला, आणि तेव्हा मात्र माझी मान हलेना.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, एका संध्याकाळी सफाई संपल्यावर बाईंनी कपाळ पुसायला डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. टोपीच्या वरच्या बाजूला शिंपल्याचा एक तपकिरी तंतू आणि गाळाचे कण चिकटले होते. टोपी दोन वाजता कोरी घातलेली. टेबलं, पट्टे तर तासाभरापूर्वीच स्वच्छ झालेले. गाळ राहिला होता तो फक्त गटारात, पायाखाली. मी विचारलं काय झालं. काही नाही म्हणाल्या. टोपी मात्र घडी करून खिशात घातली, धुवायला टाकली नाही.

दुसऱ्या दिवशी सहाला बाकीच्या कपडे बदलायला गेल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. पिशवीतून नीळ काढली, चादरींना घालतात ती. बादलीभर पाण्यात कालवली आणि सगळी गटारात ओतली. मग लाल मशीन सुरू केलं आणि रोज धरायच्या तशीच धार धरली. तेवढाच वेळ, तसाच हात. धुकं उठलं, खाली बसलं. मशीन बंद करून त्यांनी माझ्या हातात एक पांढरं फडकं दिलं, एक स्वतः घेतलं. गटारापासून तीन पावलांवरच्या पट्ट्यावर मी फडकं फिरवलं. निळं. वेचणीच्या टेबलावर फिरवलं. तिथंही. बाईंनी हात उंच करून पट्ट्यावरचा दिव्याचा दांडा पुसला, जिथून दिवसभर खाली मांसावर पाणी ठिबकतं. फडक्यावर निळे ठिपके. त्यांच्या टोपीवर, माझ्या कोटावर, माझ्या बाहीवर ठिपकेच ठिपके.

रोज आधी सगळं धुवायचं आणि शेवटी गटार उचलून सगळ्यावर शिंपडायचं, हे आम्ही अडीच महिने करत होतो. मग मी जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते. म्हटलं, ‘‘बाई, मी पुसून टाकते पटकन. उद्यापासून मशीन गटाराला लावायचं नाही, झालं. कुणाला कळायची गरज नाही.’’

‘‘पुसू नकोस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्यांना बोलाव.’’

नऊजणी आल्या, कुणी अर्धे कपडे बदललेल्या, कुणी बूट हातात घेतलेल्या. बाईंनी फार सांगितलं नाही. फडकी टेबलावर पसरली, गटाराकडे बोट केलं, मग दिव्याच्या दांड्याकडे. समजायला वेळ लागला नाही. आयुष्य धुण्यात गेलेल्या बायका. मग त्या योलांदाकडे वळल्या.

‘‘तुझ्या बुटांचं मी बोलले ते चुकलं, पोरी. बूट नव्हते. माझा हात होता.’’

योलांदानं त्यांच्या टोपीवरचा एक ठिपका बोटानं खरवडला. औरिस्तेला म्हणाली, ‘‘पण आमच्या खांद्यांसाठीच घेतलंस ना तू ते.’’ बाई म्हणाल्या, लिस्टेरियाला ते कुठं ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसात गेल्या, मला बरोबर घेऊन. गास्तोनसाहेबांनी ऐकून घेतलं आणि त्यांना हायसंच वाटलं. कारण सापडलं होतं आणि सोयीचं होतं. ते म्हणाले, मशीन सदोष निघालं असं स्पेनला लिहू. बाईंनी नकारार्थी मान हलवली. ‘‘मशीन चांगलं आहे, साहेब. होड्यांचा उतार त्यानं धुवा, अंगण धुवा. त्याला आत मी आणलं आणि गटारात मी घातलं. तसं लिहा.’’ साहेब म्हणाले, असं लिहिलं तर तुमचं नाव लिहावं लागेल. बाईंनी आपल्या नावाचा उच्चार नीट करून सांगितला, वडिलांचं आणि आईचं, दोन्ही आडनावांसकट.

मग कास्त्रोला फोन गेला. क्लारा आली, सर्दी तशीच होती. या वेळी बाईंनी निवड कशी केली ते सांगितलंच पाहिजे. त्यांनी मशीन चालवून दाखवा असं म्हटलंच नाही. उघडून दाखवा म्हणाल्या. टाकी, नळी, तोटी, सगळं टेबलावर सुटं करून घेतलं. ‘‘ज्याचं पोट मला उघडता येत नाही ते मी धुणार कशी?’’ एक नळी आतून खरखरीत होती, ती नाकारली. फेस उभ्या खांबावर किती वेळ टिकतो ते स्वतः घड्याळ धरून बघितलं. हँडल औरिस्तेलाला धरायला लावलं, खांदा दुखतो का विचारलं, उंची बदलून घेतली. मग नुसत्या मशीनवर न थांबता पट्ट्याचे पोकळ पाय टोचून बघितले आणि ज्यांत पाणी निघालं ते वेल्डरकडून बंद करून घेतले. कामाचा क्रम उलटा केला: गटार सगळ्यांत आधी, लांब दांड्याच्या ब्रशनं, हळू पाण्यानं, टेबलं आणि पट्टे त्यानंतर. क्लारा एकदा सहज म्हणाली, वस्तऱ्याची आठवण आहे ना बाई. बाई ओशाळून हसल्या.

पहिल्या फेसाच्या दिवशी मी खोकं घेऊन गेले आणि सवयीनं तोंडातून गेलं, कुठून घेऊ. बाईंनी नेहमीसारखा हात उचलला आणि खाली घेतला.

‘‘आज तिथून घे, जिथं मला भीती वाटते.’’

आणि त्यांनी मला नेलं. पट्ट्याच्या रुळाखाली, गुडघे टेकून, माझ्यासाठी बॅटरी धरून. बटणांच्या खोक्यामागे. दिव्याच्या दांड्याच्या सांध्यात. गटाराच्या जाळीच्या उलट्या बाजूला. बावीस वर्षांत कुणाला न दाखवलेल्या जागा होत्या त्या, आणि त्यांना एकूण एक पाठ होत्या. म्हणजे त्यांना ठाऊक होतं, आणि मला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक असणार. तीन दिवसांनी ताटल्यांत जे भरभरून उगवलं ते मी जागांच्या नावांसकट कागदावर उतरवलं. बाईंनी तो कागद कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर लावायला लावला. आठवडाभरानं दुसरा लावला, तो निम्मा बरा होता. तिसऱ्यात एकच जागा वाईट, रुळाखालची. त्या रुळाशी बाई दोन दिवस भांडत होत्या.

जूनच्या अखेरच्या मालाचा निकाल आला, तेव्हा सकाळी पट्टे सुरू व्हायच्या आधी गास्तोनसाहेबांनी तो उभ्यानं वाचला. माल स्वच्छ होता. सफाई बाहेर जाणार नव्हती, सगळ्या बायका राहणार होत्या. औरिस्तेलानं छातीवर क्रूस काढला, योलांदा तोंड दाबून रडली. मग साहेबांनी खालची ओळ वाचली. स्पेनला जबाबदारी कुणाची ते कळवलं होतं, त्यामुळे मुकादमपण आजपासून औरिस्तेलाकडे, आणि एर्मिंदाबाई इतरांसारख्या ओळीत. औरिस्तेला नको नको म्हणत होती. बाईंनी तिच्या खिशात चाव्या घातल्या आणि विचारलं, दुपारी मला कुठं घालतेस? मग स्वतःच म्हणाल्या, गटार.

मला ते सहन होईना. स्पेनला गेलेला तो कागद मी वाचला होता. त्यात बाईंचं नाव चार वेळा होतं. माझं एकदाही नव्हतं. अडीच महिने साफ ताटल्या दाखवणारी मी, क्लाराचं वाक्य ऐकून गिळणारी मी, पुसून टाकते म्हणणारीही मीच. दुपारी बाई खाली वाकून जाळी उचलत होत्या, तिथं जाऊन मी विचारलं, माझं नाव का नाही सांगितलंत?

बाईंनी जाळी बाजूला ठेवली. हातमोजे काढले नाहीत.

‘‘सांगितलं असतं तर तुला काढून नवीन कुणी आणली असती. ती येऊन मला विचारणार, बाई, कुठून घेऊ. आणि मी तिला पुन्हा चांगल्याच जागा दाखवल्या असत्या. मी ओळखते मला.’’ त्या ब्रश घेऊन गुडघ्यांवर बसल्या. ‘‘तू आता विचारणार नाहीस. जा, घे तुझे बोळे.’’

मी गेले, आणि खोकं उघडलं.